एकसष्टचा प्रश्न : पाटणापासून दिल्लीपर्यंत

मराठी घरात माणसाने साठी ओलांडली की एकसष्टी साजरी होते. साठ ही आपल्या परंपरेत एका फेऱ्याची संख्या आहे. साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचा एक दिवस आणि साठ संवत्सरांचे एक चक्र. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावे संपली की एकसष्टाव्या वर्षी पंचांगावर पुन्हा प्रभव येतो. म्हणून हीरक महोत्सवाच्या वर्षी एखाद्या विद्यालयाचा एक फेरा पूर्ण होतो आणि दुसरा सुरू होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

व्यवहारात साठ आणि एकसष्ट यांत एका वर्षाचे अंतर असते. गणिताच्या इतिहासात मात्र या दोन शेजारच्या संख्यांत एवढे अंतर आहे, की ते ओलांडण्यासाठी भारतातील गणितींच्या कित्येक पिढ्या खपल्या. ज्या प्रश्नामुळे हे अंतर उघडकीस आले, तो विचारणारा गणिती सह्याद्रीच्या परिसरातील होता. त्याचा ग्रंथ टिकावा म्हणून ज्या मठाला दान मिळाले, त्या दानाचा तपशील मराठीत कोरलेला आहे. आणि तो ग्रंथ पुढे ज्या वाटेने जगात गेला, त्या वाटेवर मोगल दरबार आहे, दिल्लीच्या लाल किल्ल्याशी निगडित असलेले एक घराणेही आहे.

प्रश्न असा आहे. एक पूर्ण संख्या घ्यावी. तिचा वर्ग करावा. त्या वर्गाला ६० ने गुणावे आणि गुणाकारात १ मिळवावा. येणारी बेरीज पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग असली पाहिजे. अशी संख्या कोणती?

थोडा प्रयत्न केला तर ४ ही संख्या सापडते. ४ चा वर्ग १६. १६ ला ६० ने गुणून ९६०. त्यात १ मिळविला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. शाळेतला कोणताही चौकस विद्यार्थी दहा मिनिटांत येथे पोहोचतो. ६० च्या जागी ६२ घेतले तरी फारसे अडत नाही. ८ चा वर्ग ६४, त्याची ६२ पट ३९६८ आणि एक मिळविल्यावर ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ घेतले तर उत्तर १ हेच आहे, कारण ६३ अधिक १ म्हणजे ६४.

आता ६१ घ्यावे. १ चालत नाही, २ चालत नाही, १० चालत नाही, १०० चालत नाही. हजारापर्यंत जाऊन पाहिले, लाखापर्यंत जाऊन पाहिले, तरी एकही संख्या चालत नाही. कोटीपर्यंत गेलेल्या माणसाने असे उत्तर मुळात नाहीच, असा निष्कर्ष काढला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु उत्तर आहे. अट पूर्ण करणारी सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८० ही होय. बावीस कोटी एकसष्ट लक्ष त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला, की १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग मिळतो. एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास.

एखाद्याने १ पासून आरंभ करून मिनिटाला एक याप्रमाणे, दिवसरात्र न थांबता, प्रत्येक संख्या तपासली असती, तर या उत्तरापर्यंत येण्यास त्याला सुमारे ४३० वर्षे लागली असती. हे काम इ. स. ११५० मध्ये सुरू झाले असते तर ते १५८० च्या सुमारास, अकबराच्या कारकिर्दीत, संपले असते. ११५० हे साल येथे सहज घेतलेले नाही. त्याच वर्षी हे उत्तर एका ग्रंथात लिहिले गेले होते, आणि ते लिहिणाऱ्याचे वय तेव्हा ३६ होते.

त्याचे नाव भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जडवीड हे आपले गाव असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. शके १०७२ मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीचे नाव घरोघर पोहोचले. बीजगणित मात्र अभ्यासकांपुरते राहिले. वरील प्रश्न या बीजगणितात आहे. भास्कराचार्य तो एखाद्या मित्राला घालावा तसा घालतात. एकाच श्लोकात दोन संख्या दिल्या आहेत, ६७ आणि ६१. ६७ चे उत्तर ५,९६७ आहे. लहान नव्हे, पण चिकाटीच्या माणसाला गाठता येण्यासारखे. ६१ चे उत्तर गाठण्यास केवळ चिकाटी पुरत नाही; तेथे रीत लागते.

ती रीत एकट्या भास्कराचार्यांची नव्हती, हे नमूद करणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. या प्रकारच्या प्रश्नांना ‘वर्गप्रकृती’ हे नाव आहे. ज्या संख्येने गुणावयाचे ती ‘प्रकृती’, जी मिळवावयाची ती ‘क्षेप’, शोधावयाच्या दोन संख्यांपैकी धाकटी ‘कनिष्ठ’ आणि थोरली ‘ज्येष्ठ’. या शास्त्राचा पाया इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने घातला. राजस्थानातील भिनमाळ, तेव्हाचे भिल्लमाल, येथे लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याने ९२ ही प्रकृती दिली आणि जो वर्षभरात हे उदाहरण सोडवील तो खरा गणक, असे म्हटले. उत्तर होते १२० आणि १,१५१.

ब्रह्मगुप्ताने दिलेल्या साधनाचे नाव ‘भावना’. येथे भावना म्हणजे मनातली भावना नव्हे. दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे उत्तर निर्माण करण्याची क्रिया. एका उत्तरातील ज्येष्ठ आणि दुसऱ्यातील ज्येष्ठ यांचा गुणाकार करावा. दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार करून त्याला प्रकृतीने गुणावे. दोहोंची बेरीज म्हणजे नवे ज्येष्ठ. एकाचे ज्येष्ठ दुसऱ्याच्या कनिष्ठाने आणि दुसऱ्याचे ज्येष्ठ पहिल्याच्या कनिष्ठाने गुणून बेरीज केली की नवे कनिष्ठ. क्षेपांचा मात्र केवळ गुणाकार होतो. या एका नियमामुळे एक उत्तर हाती आले की पुढची उत्तरे अनंत मिळतात. अडचण पहिल्या उत्तराचीच.

ती अडचण दूर करणाऱ्या रीतीचे नाव ‘चक्रवाल’, म्हणजे वर्तुळाकार फिरणारी. जयदेव नावाच्या गणितीने ती भास्कराचार्यांपूर्वीच सांगितली होती. उदयदिवाकराने १०७३ मध्ये लिहिलेल्या ‘सुन्दरी’ या टीकेत जयदेवाचे श्लोक उद्धृत आहेत, आणि लखनौचे संशोधक कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते अभ्यासकांपुढे आणले. भास्कराचार्यांचे श्रेय असे, की त्यांनी ही रीत सुटसुटीत शब्दांत मांडली आणि तिची खरी कसोटी लागेल असे उदाहरण निवडले.

६१ चे उदाहरण कागदावर करून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी गुणाकार आणि भागाकार याखेरीज काही लागत नाही. आरंभ अगदी जवळच्या वर्गापासून करावयाचा. ८ चा वर्ग ६४. तो ६१ पेक्षा ३ ने मोठा. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ आणि क्षेप ३. क्षेप १ हवा होता, आला ३. आता एक साहाय्यक संख्या निवडावयाची. तिच्यावर दोन अटी. ती ८ मध्ये मिळविली असता बेरजेला ३ ने नि:शेष भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. पहिली अट १, ४, ७, १० या संख्या पाळतात. त्यांचे वर्ग १, १६, ४९ आणि १००. ६१ ला सर्वांत जवळचा ४९, म्हणून साहाय्यक संख्या ७.

८ अधिक ७ म्हणजे १५, भागिले ३ म्हणजे ५. हे नवे कनिष्ठ. ८ गुणिले ७ म्हणजे ५६, अधिक ६१ म्हणजे ११७, भागिले ३ म्हणजे ३९. हे नवे ज्येष्ठ. ४९ वजा ६१ म्हणजे उणे १२, भागिले ३ म्हणजे उणे ४. हा नवा क्षेप. पडताळा पाहावा : ३९ चा वर्ग १,५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १,५२५. फरक उणे ४. चक्राचा एक फेरा झाला.

येथे भास्कराचार्य चक्र फिरवीत बसत नाहीत. क्षेप उणे ४ आला असता पुढे काय करावे, हे ब्रह्मगुप्ताने पाच शतकांपूर्वी सांगून ठेवले होते. दोन्ही मुळांना २ ने भागले की क्षेपाला ४ ने भाग जातो. म्हणून साडेएकोणीस आणि अडीच यांचा क्षेप उणे १ होतो. या जोडीची तिच्याशीच भावना केली, की ज्येष्ठ १,५२३ चे अर्धे, कनिष्ठ १९५ चे अर्धे आणि क्षेप १. क्षेप हवा तोच आला, पण संख्या अपूर्णांकात राहिल्या. म्हणून या जोडीची पहिल्या जोडीशी पुन्हा भावना. आता ज्येष्ठ २९,७१८ आणि कनिष्ठ ३,८०५. दोन्ही पूर्ण संख्या. क्षेप मात्र पुन्हा उणे १. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४ आणि ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५. अठ्ठ्याऐंशी कोटींच्या घरात केवळ एकाने हुकले.

शेवटची भावना या जोडीची तिच्याशीच. उणे एकाचा उणे एकाशी गुणाकार अधिक एक. २९,७१८ आणि ३,८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे २२,६१,५३,९८०. वर लिहिलेल्या दोन मोठ्या वर्गसंख्यांची बेरीज म्हणजे १,७६,६३,१९,०४९. एक फेरा चक्रवालाचा आणि तीन भावना, एवढ्यात ४३० वर्षांचे काम संपले. धुळाक्षरांच्या पाटीवर ते एका दुपारी होण्यासारखे आहे.

या मोठ्या संख्येचे काही गुणधर्म पाहिले म्हणजे भास्कराचार्यांची निवड किती विचारपूर्वक होती, ते ध्यानात येते. शंभरपर्यंतच्या सर्व प्रकृती घेऊन प्रत्येकीचे सर्वांत लहान उत्तर काढले, तर ६१ चे उत्तर त्या सर्वांत मोठे ठरते. त्याच्या खालोखाल ९७ चे आहे, आणि त्यातील ज्येष्ठ मूळ ६,२८,०९,६३३ एवढेच, म्हणजे अठ्ठाविसाव्या हिश्श्याच्या आसपास. असे उदाहरण अंधारात हात घालून सापडत नाही. ते निवडणाऱ्याला शेजारची उदाहरणे कशी वागतात याचा अंदाज असलाच पाहिजे. ६१ इतके अवघड का, याचे एक कारणही वरील गणितात दिसून येते. ६० किंवा ६२ या प्रकृतींना क्षेप उणे १ चे उत्तरच नाही. ६१ ला आहे, आणि तेच आधी समोर येते. अधिक एकापर्यंत जाण्यासाठी त्याची भावना स्वतःशी करावी लागते, त्यामुळे अंकांची संख्या जवळजवळ दुप्पट होते.

दुसरा गुणधर्म उपयोगाचा आहे. ज्येष्ठ मुळाला कनिष्ठ मुळाने भागले असता ६१ चे वर्गमूळ मिळते. ते नेमके नसते, कारण ६१ चे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात बसत नाही. परंतु या भागाकारातील चूक दशांशचिन्हानंतर अठराव्या स्थळी जाऊन पडते. दशांशचिन्ह प्रचारात येण्यापूर्वीच्या काळातील ही अचूकता आहे. तिसरी गोष्ट लहान मुलांसाठी. उत्तर बरोबर आहे की नाही याची पहिली खूण पाहावयास संपूर्ण गुणाकार करावा लागत नाही. ज्येष्ठाचे शेवटचे दोन अंक ४९. त्यांच्या वर्गाचा शेवट ०१. कनिष्ठाचे शेवटचे दोन अंक ८०. त्यांच्या वर्गाचा शेवट ००, तो ६१ ने गुणला तरी ००, आणि एक मिळविला की ०१. दोन्ही बाजू जुळतात. एवढ्याने उत्तर सिद्ध होत नाही, पण चुकीचे उत्तर बहुधा येथेच उघडे पडते.

एवढी सूक्ष्म विद्या एका माणसाबरोबर लयाला जाणे अगदी शक्य होते. जयदेवाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ टिकले, याला त्यांच्या गुणांप्रमाणेच आणखीही एक कारण आहे, आणि ते जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावपासून जवळ, पाटणादेवीच्या डोंगरात दगडावर कोरलेले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेला हा शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याचा वृत्तान्त सांगतो. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी होता. नातू चंगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी. या चंगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटण येथे मठ स्थापिला. इ. स. १२०७ मध्ये, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ वंशातील सोइदेवाने सर्व लोकांसमक्ष हातावर पाणी सोडून त्या मठाला दान दिले. संवत्सराचे नाव प्रभव होते : साठांच्या फेऱ्यातील पहिले, म्हणजेच मागील फेऱ्यानंतरचे एकसष्टावे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. वंशावळ आणि स्तुती यांना ती भाषा शोभते. परंतु मठाचा रोजचा खर्च कोठून चालावयाचा हे सांगण्याची वेळ आली, तेव्हा लेख मराठीत उतरतो. पाटणच्या पेठेत जो माल विकावयास येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्याकडे येणारे उत्पन्न मठाला दिले आहे. गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकाकडून पळी पळी तेल द्यावयाचे आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. तिच्याही ८३ वर्षे आधी, एका गणिताच्या शाळेला कोणी किती द्यावे याचा हिशेब मराठीत कोरून ठेवला गेला. ज्यांनी तो द्यावयाचा, त्या वाण्याला आणि तेल्याला तो कळावा, म्हणून तो त्यांच्या भाषेत आहे.

या मठात नेमके कोण शिकले, त्यांची नावे दगडावर नाहीत. परंतु भास्कराचार्यांच्या ग्रंथांची अध्ययनपरंपरा देशभर पसरली, त्यांवर टीका लिहिल्या गेल्या, नकला होत राहिल्या, आणि चार शतकांनी ती परंपरा मोगल दरबारात पोहोचली. १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून अबुल फजलचा भाऊ फैजी याने लीलावतीचे फारसी भाषांतर केले. बीजगणिताची पाळी शाहजहानच्या काळात आली. १६३४–३५ च्या सुमारास अताउल्ला रुश्दी याने त्याचे फारसी भाषांतर करून ते बादशहास अर्पण केले.

हा अताउल्ला कोण? उस्ताद अहमद लाहोरी या वास्तुविशारदाचा मुलगा. दुसरा मुलगा लुत्फुल्ला मुहंदिस याने आपल्या काव्यात वडिलांच्या दोन कामांचा अभिमानाने उल्लेख केला आहे : आग्र्याचा ताजमहाल आणि दिल्लीचा किल्ला. भाषांतरानंतर चार-पाच वर्षांनी, १६३९ मध्ये, यमुनाकाठी लाल किल्ल्याचा पाया घातला गेला. दिल्लीतील मराठी कुटुंबे पाहुण्यांना घेऊन त्या किल्ल्यात अनेकदा गेली असतील. ज्या घरात त्या भिंतींचे आराखडे आखले गेले, त्याच घरातील मुलाने सह्याद्रीच्या गणितीचा ग्रंथ वाचून, समजून, दुसऱ्या भाषेत नेला होता. इमारतीची ख्याती झाली. भाषांतर विस्मरणात गेले.

फारसी भाषांतरानंतर वीस-बावीस वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समधील पिएर द फर्मा या गणितीने युरोपातील गणितींना एक आव्हान दिले. ते वर्गप्रकृतीचेच होते. फ्रेनिकल या आपल्या मित्राला लिहिताना त्याने नमुन्यादाखल दोन संख्या दिल्या, ६१ आणि १०९. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या घेतल्याचे त्याने वर मिस्किलपणे सांगितले. १०९ चे ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी आहे. फर्माला भास्कराचार्यांचे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पाच शतकांच्या आणि हजारो कोसांच्या अंतरावर दोन गणितींनी एकच संख्या निवडली, कारण शंभराच्या आत तिच्याइतकी फसवी दुसरी नव्हती. इंग्लंडमधील ब्राउंकर आणि वॉलिस यांनी आव्हान स्वीकारून रीत शोधली. पुढे ऑयलरने समजुतीच्या घोटाळ्याने या समीकरणाला जॉन पेल याचे नाव दिले, आणि ज्याचा या कामाशी फारसा संबंध नव्हता त्याच्या नावाने ते आजही पाठ्यपुस्तकांत वावरते. कोणतीही प्रकृती वर्गसंख्या नसेल तर उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांजने १७६८ च्या सुमारास दिली. ही सिद्धता भास्कराचार्यांकडे नव्हती. त्यांच्याकडे रीत होती आणि ती कधी अडत नाही असा अनुभव होता. या दोन गोष्टींतील भेद मान्य केल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

भास्कराचार्यांचे बीजगणित युरोपात पोहोचले ते १८१३ मध्ये, एडवर्ड स्ट्रेची याच्या इंग्रजी भाषांतरातून. आणि ते भाषांतर संस्कृतावरून नव्हे, अताउल्लाच्या फारसीवरून केलेले होते. मूळ संस्कृतावरून कोलब्रुकचे भाषांतर १८१७ मध्ये आले. पाटणच्या डोंगरातून लंडनला गेलेल्या या ग्रंथाची पहिली वाट अशी मोगल दरबारातून गेली.

दिल्लीचा या कथेशी आणखी एक संबंध आहे. पानिपतजवळ १८२१ मध्ये जन्मलेले मास्टर रामचंद्र दिल्ली कॉलेजात गणित शिकवीत. त्या कॉलेजात पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकविली जात, आणि रामचंद्रांनी त्यासाठी उर्दूत पुस्तके तयार केली. बीजगणिताची परंपरा या देशाच्या बुद्धीला मानवणारी आहे, तिच्या आधाराने नवे गणित शिकविता येईल, या विश्वासाने त्यांनी कमाल आणि किमान मूल्यांवर एक ग्रंथ लिहिला. कलनशास्त्राने सोडविले जाणारे प्रश्न त्यात केवळ बीजगणिताने सोडविले आहेत. १८५० मध्ये कलकत्त्यास तो प्रसिद्ध झाला, आणि लंडनमधील गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये तो तेथे पुन्हा छापविला. पाटणला मठाच्या उत्पन्नासाठी मराठी होती, दिल्लीत वर्गातील फळ्यासाठी उर्दू. कठीण विषय घरच्या भाषेत मांडला म्हणून तो सोपा होत नाही. पण विद्यार्थ्याची सारी शक्ती त्या विषयावर खर्च होते, भाषेवर नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घालताना राजधानीतील पालकांच्या मनात जी शंका येते, ती खोटी नाही. भोवती हिंदी आहे, पुढे इंग्रजी आहे, महाराष्ट्र दूर आहे. या शंकेचे उत्तर भास्कराचार्यांच्या गौरवाने मिळणार नाही. मोठ्या पूर्वजाचे नाव घेतल्याने कोणाचे गणित सुधारत नाही. पाटणच्या शिलालेखातून मात्र काही शिकता येते. तेथे चंगदेवाने आजोबांचे देऊळ बांधले नाही, पुतळा उभारला नाही. त्याने वर्ग भरविण्याची सोय केली, आणि गावाने ती चालविली. घाण्यावरची एक पळी तेल ही फार मोठी देणगी नव्हे. परंतु ती रोज येत राहिली तर रात्री दिवा लागतो, आणि दिवा लागला तर पोथी वाचता येते. शाळा साठ वर्षे टिकते ती अशाच पळ्यांवर : कोणा पालकाने दिलेला वेळ, कोणा माजी विद्यार्थ्याने भरलेली एखाद्याची फी, कोणी ग्रंथालयाला दिलेली पुस्तके.

एकसष्टाव्या वर्षाच्या पहिल्या गणिताच्या तासाला हा प्रश्न फळ्यावर लिहिण्यास काही हरकत नाही. आधी ६०, मग ६२ आणि शेवटी ६१. पहिले दोन वर्गात सुटतील. तिसऱ्यासाठी विद्यार्थ्यांना ८ चा वर्ग आणि ७ ही साहाय्यक संख्या एवढे दाखवावे, आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे. बहुतेक मुले २९,७१८ पर्यंत येऊन एकाने हुकतील, आणि आपले चुकले असे समजून सारे पुसून टाकावयास निघतील. तेव्हा शिक्षकाने एवढेच सांगावे, की पुसू नका. अजून एक पायरी उरली आहे.